राखण कुणाची, कुणासाठी?

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ या दोन महिन्यांत मुंबईतल्या दंगलींमध्ये ९०० माणसे मारली गेली, अशी नोंद श्रीकृष्ण आयोगाने केली आहे. त्याच दिवसांत मुंबईच्या वेशीवरची भिवंडी शांत राहिली. १९७० आणि १९८४ साली याच यंत्रमागांच्या गावात भीषण दंगली झाल्या होत्या, भिवंडीचे नाव निघाले की दंगलीची आठवण निघे. त्यामुळे ही शांतता योगायोगाची म्हणता येत नाही. १९८८ पासून पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी तिथल्या गल्लीमोहल्ल्यांत हिंदू-मुसलमान रहिवाशांच्या संयुक्त समित्या बांधल्या होत्या आणि त्या समित्यांनी आपापला मोहल्ला सांभाळला. आता दुसरी घटना. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा या गावात, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे संदेश मोबाइलवरून पसरले होते. मारणाऱ्यांना आपण गावातल्या लेकरांचे रक्षण करतो आहोत असेच वाटत होते. भिवंडीत आणि राईनपाड्यात दोन्हीकडे रहिवासीच पुढे आले होते, दोन्हीकडे त्यांनी सुरक्षा आपल्या हाती घेतली होती. रहिवाशांचा सहभाग हा शब्दप्रयोग आपण सरसकट चांगल्या अर्थाने वापरतो, तो या दोन घटना शेजारी ठेवल्या की तपासून घ्यावा लागतो. त्यांच्यातले अंतर कशाने पडते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

माझे म्हणणे आरंभीच मांडतो. रहिवाशांच्या सहभागाने वस्ती सुरक्षित होते ती माणसांची एकमेकांशी आणि पोलिसांशी ओळख वाढते म्हणून, आणि त्या ओळखीच्या जोरावर अफवा, तंटा किंवा अन्याय वेळेत बोलून दाखवता येतो म्हणून. पकडणे आणि शिक्षा देणे हे काम रहिवाशांकडे गेले, किंवा ज्यांच्यावर नेहमी संशय घेतला जातो त्यांनाच समितीबाहेर ठेवले, की तोच सहभाग धोक्याचा होतो. कोणत्याही योजनेकडे पाहताना दोन प्रश्न विचारावेत: बैठकीला कोण बसले आहे, आणि बैठकीला बसलेल्यांच्या हाती नेमका कोणता अधिकार आहे. पहाऱ्याला किती माणसे आहेत, कॅमेरे किती आहेत, हे प्रश्न त्यानंतरचे.

महाराष्ट्रात ही परंपरा नवी नाही. पेशवाईअखेरपर्यंत गावाच्या सुरक्षिततेची जबाबदारी पाटलाकडे असे, आणि प्रत्यक्ष राखण रामोशी, भिल्ल, महार, काही भागांत कोळी यांच्याकडे. वेशीवर येसकर, रानात जागल्या. चोरी झाली तर जागल्याने माग काढायचा. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला की तो त्या गावाच्या स्वाधीन करायचा. ज्या गावात माग हरवेल त्याने नुकसान भरून द्यायचे. १८१९ च्या आपल्या अहवालात इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने या व्यवस्थेची नोंद घेतली आहे. तिची शहाणीव अशी की जबाबदारी सगळ्या गावाची होती. तिचा दोष तितकाच मोठा होता: राखणीचे ओझे जातीने वाटलेले होते. जो रात्रभर गाव राखी त्याला गावाच्या पंगतीत स्थान नव्हते, आणि माग हरवला तर पहिला संशय बऱ्याचदा त्याच्यावरच येई. महार वतनाविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, त्यामागे हेच वास्तव होते. जुनी ग्रामव्यवस्था आदर्श होती असे सांगणाऱ्यांनी ही बाजू पुसू नये.

इंग्रजांनी ही घडी मोडली आणि तिच्या जागी आणले ते सरकारी पोलीस दल. लंडनमध्ये १८२९ साली उभारलेल्या पोलिसांमागे निदान एक कल्पना होती, की पोलीस हा गणवेशातला नागरिक आहे. १८५७ नंतर हिंदुस्थानात उभे राहिलेले दल मात्र राज्यकर्त्यांना प्रजेपासून सुरक्षित ठेवण्यासाठी घडवलेले होते. लोकांना उत्तर देण्याची सोय त्याच्या रचनेतच नव्हती. पाठोपाठ १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला आणि पुढच्या काळात, ज्यांच्या बापजाद्यांनी गावे राखली होती अशाही जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, या जमाती विमुक्त म्हणवल्या जाऊ लागल्या, पण शिक्का पुसला गेला नाही. आजही गावात चोरी झाली की पारध्याच्या पालावर पहिला छापा पडतो. राईनपाड्यात मारले गेलेले लोक भटक्या समाजाचे होते, हे या इतिहासाशी जोडूनच पाहावे लागते. अनोळखी भटका म्हणजे धोका, ही शिकवण गावाला मोबाइलने दिली नाही. मोबाइलने ती फक्त काही मिनिटांत शेकडो माणसांपर्यंत पोहोचवली.

स्वातंत्र्याच्या आगेमागे राज्याने रहिवाशांना पुन्हा सोबत घेण्याचे निरनिराळे मार्ग काढले. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबई प्रांतात होमगार्ड उभे राहिले. वंशपरंपरेची पाटीलकी संपली आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमाने पोलीस पाटील हे नेमणुकीचे पद झाले. आज अनेक गावांत या पदावर स्त्रिया आहेत, आणि गावात नवे कोण आले, कुठला वाद चिघळतो आहे हे ठाण्याला कळवणारा पहिला माणूस अजूनही पोलीस पाटीलच असतो. १५ ऑगस्ट २००७ ला, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेतून समिती, बांधाबांधाचे आणि भाऊबंदकीचे तंटे गावातच मिटवणे, आणि तंटामुक्त ठरलेल्या गावाला लोकसंख्येच्या मानाने रोख पुरस्कार, असा तिचा सांगाडा होता. बांधावरच्या भांडणातूनच पुढे डोकी फुटतात, खून पडतात, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मोहिमेचे मर्म लगेच कळेल. पण जिथे वादातला एक पक्ष दुबळा असतो तिथे ‘मिटवा’ या आग्रहाचा अर्थ त्या पक्षाने गप्प बसावे असाच होतो. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार किंवा दलित कुटुंबावरचा अत्याचार हा तंटा नाही, तो गुन्हा आहे, आणि पुरस्काराच्या आशेने तो तंट्यांच्या यादीत ढकलला जाण्याची वाट या रचनेने मोकळी ठेवली होती. याउलट दारूबंदीसाठीच्या मतदानाचा मार्ग अधिक न्याय्य ठरला. आडवी बाटली की उभी बाटली याचा कौल गुप्त मतदानाने घेतला जातो आणि त्यासाठी स्त्रियांनाही मतदानाची मागणी करता येते. घरातली मारझोड, रस्त्यावरची छेड आणि गुत्ता यांचा संबंध या बायकांना कुणी अभ्यासक येऊन सांगावा लागला नाही.

भिवंडीकडे पुन्हा वळू, कारण या क्षेत्रातला आपल्याकडचा सर्वांत मोलाचा धडा तिथेच आहे. तिथे सुमारे ७० समित्या होत्या. त्यांत दोन्ही धर्मांचे लोक बरोबरीने होते, आणि पोलिसांबरोबर त्यांच्या बैठका दंगलीची चाहूल लागल्यावर भरत नसत, एरवीही नेमाने भरत. विषय साधे असत: नळ, गटार, भाडेकरूचा वाद, पोरांची मारामारी. या साध्या विषयांतच समित्यांची ताकद होती. अफवा उठते त्या रात्री ज्याला फोन करायचा त्याचा चेहरा आधीपासून ओळखीचा असावा लागतो. ती ओळख त्या रात्री तयार करता येत नाही. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात हिंदू-मुसलमानांना एकत्र आणणाऱ्या संस्था आणि शांतता यांचा संबंध अनेक शहरांची तुलना करून दाखवला, त्यात भिवंडीचाही विचार आहे. मुंबईत दंगलींनंतर, १९९४ पासून, ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे, एफ. टी. खोराकीवाला यांच्यासारख्यांनी तत्कालीन पोलीस आयुक्त सतीश सहानी यांच्या साथीने मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली, तिला भिवंडीचाच आधार होता. आणि भिवंडीचा दुसरा धडाही विसरू नये. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसाचार उसळला, पोलिसांनी गोळीबार केला आणि दोन पोलीस शिपाई जमावाच्या हातून मारले गेले. अधिकारी बदलून गेल्यावर समित्यांची पहिली घडी टिकली नव्हती. एका अधिकाऱ्याच्या निष्ठेवर उभे राहिलेले काम त्याच्या बदलीबरोबर ढिले पडते, हे दुःख महाराष्ट्रातल्या जवळजवळ प्रत्येक प्रयोगाच्या वाट्याला आले आहे.

इतर राज्यांनी वेगळ्या वाटा काढल्या. केरळने २००८ साली जनमैत्री सुरक्षा योजना सुरू केली. तिच्यात बीटच्या पोलिसाने घरोघर जायचे आणि आपल्या बीटमधल्या प्रत्येक घरातल्या निदान एका माणसाशी ओळख ठेवायची असा दंडक आहे. तमिळनाडूत १९९३ साली रामनाथपुरम जिल्ह्यात ‘फ्रेंड्स ऑफ पोलीस’ हे स्वयंसेवकांचे गट उभे राहिले आणि पुढे राज्यभर पसरले. जून २०२० मध्ये सातानकुलम इथे बापलेकांचा पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्या मारहाणीत या स्वयंसेवकांचाही हात असल्याचे आरोप झाले, आणि सरकारने त्यांना पोलीस ठाण्याच्या कामात घेणे बंद केले. केरळात पोलीस लोकांच्या दारात गेला. तमिळनाडूत स्वयंसेवक ठाण्याच्या आत गेला, आणि पोलिसांवर लोकांची नजर असण्याऐवजी तो पोलिसांचाच एक हात झाला.

पाश्चात्त्य देशांतल्या विचाराचा एक प्रवाह पहाऱ्याचा आहे. अमेरिकेत १९७२ पासून आणि ब्रिटनमध्ये १९८२ पासून ‘नेबरहुड वॉच’ गट वाढले. दुसरा प्रवाह जागेच्या घडणीचा. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली अमेरिकी शहरांवर लिहिलेल्या पुस्तकात दाखवले की रस्ता सुरक्षित ठेवतात ते दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी माणसे, येणारे-जाणारे. रस्ता माणसांनी गजबजलेला असला की नजर आपोआप राहते. मराठी वाचकाला हे पटवून द्यावे लागू नये, चाळीच्या गॅलरीने हेच काम केले. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ च्या ‘व्हाय लॉयटर?’ या पुस्तकात हा विचार पुढे नेला आणि एक अवघड गोष्ट ठामपणे मांडली: स्त्रियांच्या सुरक्षिततेच्या नावाखाली फेरीवाले, रिकामटेकडी वाटणारी गरीब मुले, परप्रांतीय यांना रस्त्यावरून हटवले तर रस्ता ओस पडतो आणि स्त्री अधिकच एकटी पडते. तिसरा प्रवाह शिकागोतून आला. तिथे रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवले की ज्या वस्त्यांत शेजाऱ्यांचा एकमेकांवर विश्वास असतो आणि वेळ आली तर हे लोक मध्ये पडतील अशी खात्री असते तिथे हिंसा कमी असते, गरिबी तितकीच असली तरी. या तीन प्रवाहांपैकी आपल्या शहरांनी पहिलाच उचलला, कारण तो विकत घेता येतो: कॅमेरा, फाटक, सुरक्षा एजन्सी.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा की रहिवाशांना पुढे केले की झुंडशाही माजते. राईनपाडा हा त्याचा पुरावा, आणि १६ एप्रिल २०२० ला पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले इथे झालेली दोन साधूंची आणि त्यांच्या चालकाची हत्या हाही. टाळेबंदीत चोरांच्या अफवा उठल्या होत्या, गावोगाव रात्रीचे पहारे सुरू होते, आणि अनोळखी गाडी आली. आक्षेप खरा आहे, म्हणूनच मी अधिकाराचा प्रश्न आधी ठेवला. कायदा इथे नेमका आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० नुसार सामान्य माणूस कुणाला पकडू शकतो तो प्रामुख्याने आपल्या डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडत असेल तरच, आणि पकडल्यावर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या हवाली करावे लागते. संशयावरून अडवणे, झडती घेणे, कान धरून कबुली घेणे यातले काहीही रहिवाशांच्या अधिकारात नाही. पण झुंडीवरचा उपाय म्हणून रहिवाशांना बाजूला सारणे हेही चुकीचे आहे. गडचिंचलेत पहारा होता, गडचिंचलेत आणि राईनपाड्यात दोन्हीकडे राग होता, भीती होती. नव्हता तो असा कुणी, ज्याला आलेला माणूस कोण आहे हे विचारून घेता येईल आणि ज्याचे गाव ऐकेल. अशी माणसे आणि अशी ओळख तयार करणे हेच समित्यांचे काम.

दुसरा आक्षेप अभ्यासकांचा आहे आणि तो अधिक जड आहे. ब्राझील, कोलंबिया, लायबेरिया, पाकिस्तान, फिलिपिन्स आणि युगांडा या सहा देशांत लोकाभिमुख पोलिसिंगचे नियोजनबद्ध प्रयोग झाले आणि त्यांचे निष्कर्ष २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आले: गुन्हे घटले नाहीत, पोलिसांवरचा विश्वासही वाढला नाही. बैठका घ्या की प्रश्न सुटतील, असे समजणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष गंभीरपणे घ्यायला हवा. अभ्यासकांनी कारणेही सांगितली: वरिष्ठांनी या कामाला महत्त्व दिले नाही, ते चालवणारे अधिकारी भराभर बदलले, आणि लोकांनी सांगितलेल्या तक्रारींवर काही करण्याइतकी साधने पोलिसांकडे नव्हती. भिवंडीचा पुढचा इतिहास माहीत असलेल्या वाचकाला ही कारणे ओळखीची वाटतील. माझ्या मते या अभ्यासाने सहभागाची कल्पना मोडीत निघत नाही; बैठक घेऊन काहीच न करण्याची रीत मोडीत निघते. आपल्याकडच्या शांतता समित्यांचेही हेच झाले आहे. गणपती, मोहरम, आंबेडकर जयंती जवळ आली की ठाण्यात बैठक भरते, तीच तीच पुढारी मंडळी पहिल्या रांगेत बसतात, चहा होतो, छायाचित्र निघते आणि पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला विचारत नाही. मागच्या बैठकीत आलेल्या तक्रारींचे काय झाले, हा प्रश्न इतिवृत्तात आला पाहिजे. तो येत नाही तोवर ती समिती नावालाच असते.

तिसरे म्हणणे सामान्य करदात्याचे: सुरक्षा हे पोलिसांचे काम, लष्कराच्या भाकऱ्या आम्ही का भाजायच्या? गुन्हा नोंदवणे, तपास करणे, आरोपीला न्यायालयापुढे उभे करणे हे पोलिसांचेच काम आहे, आणि ते टाळण्यासाठी सहभागाचे निमित्त कुणी पुढे करू नये. पण पंचनाम्याला पंच लागतो, खटल्याला साक्षीदार लागतो, अपघातात पडलेल्याला उचलणारे हात लागतात. कोर्टाच्या तारखांच्या भीतीने माणसे पाठ फिरवतात, हे खरे. त्यासाठीच रस्त्यावरच्या जखमीला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आणि साक्षीदारांच्या संरक्षणासाठी स्वतंत्र योजना आल्या. शिवाय काही गुन्हे असे आहेत की तिथे पोलिसांच्या आधी शेजारीच पोहोचू शकतो. बलात्काराच्या गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असण्याचे प्रमाण राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीत नव्वद टक्क्यांहून अधिक असते. फाटकावरचा वॉचमन, अनोळखी माणसाची नोंदवही, कोपऱ्यावरचा कॅमेरा यांपैकी काहीही घराच्या आत पाहत नाही. भिंतीपलीकडून मारहाणीचा आवाज आल्यावर दार वाजवून काहीतरी निमित्त काढणारा शेजारी, ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ वर फोन करणारी शेजारीण, मुलाबद्दल शंका आली तर १०९८ लावणारी शिक्षिका, हे सुरक्षेचे काम रात्रीच्या गस्तीपेक्षा कितीतरी अधिक मोलाचे आहे. सायबर फसवणुकीचेही तसेच. ‘डिजिटल अरेस्ट’च्या धाकाने एकटा म्हातारा माणूस बँकेत पैसे वळते करायला जातो, तेव्हा त्याला क्षणभर थांबवून १९३० वर फोन लावून देणारे कुणीतरी जवळ असेल तर आयुष्याची पुंजी वाचते.

हे सगळे आजच का बोलायचे, याचे कारण आपली शहरे आणि मोठी गावेही झपाट्याने फाटकांमागे चालली आहेत. सोसायट्या भाडेकरूची पोलीस नोंद मागतात, ते योग्यच. पण त्याच आडून धर्म पाहून, आडनाव पाहून, एकटी राहणारी मुलगी म्हणून घर नाकारले जाते. डिलिव्हरी देणाऱ्या मुलाला वेगळी लिफ्ट, मोलकरणीची पिशवी तपासणी. असे फाटक बाहेरच्याला अडवतेच, शिवाय आतल्या माणसालाही बाहेरच्याची ओळख होऊ देत नाही, आणि ओळख नसलेल्या वस्तीत पहिली अफवा सगळ्यांत जास्त काम करते.

या संग्रहातले लेख या प्रश्नांकडे आपापल्या बाजूने पाहतात. लेखकांत निवृत्त पोलीस आहेत, वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या आहेत, गावपातळीवरचे पदाधिकारी आहेत, वकील आहेत, भटक्या समाजातून आलेले लिहिणारे आहेत. शेवटच्यांचा समावेश आम्ही मुद्दाम केला, कारण सुरक्षेवरच्या मराठी लेखनात त्यांचा उल्लेख संशयित म्हणूनच येत आला आहे. लेखकांची मते जुळत नाहीत. कॅमेऱ्यांबद्दल, तंटामुक्तीबद्दल, स्वयंसेवकांना ओळखपत्र द्यावे की नाही याबद्दल त्यांच्यात उघड मतभेद आहेत आणि ते तसेच ठेवले आहेत. समिती कशी नेमावी, बैठकीचे इतिवृत्त कसे लिहावे, अफवा आली तर पहिल्या तासात काय करावे, अंधारे रस्ते आणि बंद पडलेले दिवे स्त्रियांनी स्वतः फिरून कसे नोंदवावेत, याची माहितीही इथे आहे, पण हे पुस्तक केवळ कृतिपुस्तिका नाही. कृतीआधी कोणते प्रश्न विचारायचे, हे ते शिकवू पाहते.

वाचकाला एकच विनंती. पुस्तक वाचायला घेण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात जाऊन शांतता समितीच्या आणि महिला दक्षता समितीच्या सदस्यांची यादी मागा. मिळाली नाही तर माहिती अधिकाराखाली अर्ज करा. यादी हाती आली की ती आपल्या वस्तीशी ताडून पाहा: कोणती गल्ली, कोणता समाज, कोणते पाल तिच्यात नाही. ती नावे लिहून पुढच्या बैठकीआधी ठाण्यात द्या.